सोललेली द्राक्षं

आमच्या नानांचा, म्हणजे वडिलांचा, कुणावरच भरवसा नव्हता, डॉक्टरांवर तर नाहीच नाही. पण आईच्या पित्ताशयातल्या खड्यांनी घर हैराण केलं होतं. दुखायला लागलं की ती सुरतेच्या गोडादरा भागातल्या आमच्या खोलीत भिंतीला टेकून बसायची आणि शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून पदर तोंडात धरायची. डॉक्टर वशींनी बजावलं, आता थांबलात तर पित्ताशय आतच फुटेल. तेव्हा कुठे नाना दुर्बिणीच्या ऑपरेशनला तयार झाले. सुरतेत ते तेव्हा नवंच होतं.

डॉक्टरकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, हा आईचा नियम. म्हणून ऑपरेशनच्या सकाळी मी द्राक्षांची थैली वशी साहेबांना दिली. साहेब हसले आणि थैली घेऊन आतल्या खोलीत गेले.

थोड्या वेळानं नाना तिकडे डोकावले आणि लालबुंद होऊन परत आले.

"रंजना, तो आपलीच द्राक्षं सोली ऱ्हायना."

मी जाऊन पाहिलं. खरंच, साहेब द्राक्षं सोलत होते. एका खोक्याच्या भोकांतून दोन लांब चिमटे आत गेलेले, साहेबांची नजर टीव्हीवर, आणि टीव्हीवर आमचं द्राक्ष.

ऑपरेशनसाठी आईचं स्ट्रेचर वॉर्डातून बाहेर आलंच होतं. नानांनी ते धरून ठेवलं आणि दारातूनच साहेबांना सुनावलं, "सीखना हो तो दूसरे पे सीखो. मैं इसको घर ले जाता हूं."

आईनं डोळे मिटून घेतले. मला नानांचा भयंकर राग आला. घरी नेलं तर पुन्हा तीच भिंत आणि तोच पदर.

साहेब मात्र चिडले नाहीत. त्यांनी खोक्यातली स्टीलची ताटली बाहेर आणली.

"देखो काका. ऑपरेशन के दिन मैं रोज छीलता हूं. ये पहलेवाले फट गये. बादवाले साबुत हैं, हाथ खुल गया. अब बोलो, फटनेवाला इस थाली में अच्छा, कि अंदर?"

नाना ताटलीकडे बघत राहिले. ते यंत्रमागावर कामाला होते; सुटीनंतर लूम सुरू केली की सुरुवातीच्या कापडात धागे तुटणारच, हे आम्हाला सांगताना त्यांचं तोंड दुखत नसे. आता त्यांनी फाटलेलं एक द्राक्ष बोटानं बाजूला सारलं आणि म्हणाले, "साहेब, दो और छीलो."

साहेबांनी सोलली. दोन्ही अख्खी निघाली. मग नानांनी स्वतःच स्ट्रेचर ऑपरेशनच्या खोलीकडे ढकललं.

दुपारी साहेब बाहेर येऊन म्हणाले, "सब ठीक, काका." नाना टोपीनं डोळे पुसू लागले. मीही रडले.

संध्याकाळी आई शुद्धीवर आली. तिला पहिली काळजी रीतभातीची.

"डॉक्टरले द्राक्षनी थैली दिन्ही का?"

नानांनी तिच्या कपाळावर हात ठेवला.

"दिन्ही. सम्दी तुन्हाच कामले लागनी."