नावेवरची बारीक वात

मित्रांनो, माझ्या अवताराला हसू नका. काच तडकलेली, टोपण काळं ठिक्कर, कडी तारेनं बांधलेली, असा मी नावेवरचा जुना कंदील आहे. गोदावरीला आमच्याकडे सगळे गंगाच म्हणतात. गंगाखेडच्या घाटावरून पल्याडच्या गावाला जाणारी सटवाजी नावाड्याची नाव, तेच माझं घर.

मी कुठल्या कारखान्यात घडलो ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते गंगाखेडच्या बाजारातलं दुकान. सटवाजीच्या बापानं मला उचललं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "वारं सोसंल का ह्यो?"

"फुंकून बघा की!" दुकानदार मला पेटवून म्हणाला.

म्हाताऱ्यानं गाल फुगवून फुंकर मारली. मी जरा थरथरलो, पण विझलो नाही. तेव्हापासून मी नावेच्या टोकाला आलो. बाप गेला आणि वल्हं सटवाजीच्या हाती आलं, तरी माझी जागा तीच राहिली. दिवेलागणीला सटवाजी राखेनं माझी काच घासायचा, पोटात रॉकेल भरायचा आणि मला बांबूला अडकवायचा. कापसाची गाठोडी, नवरानवरी, बाजारातून परतलेल्या बाया, शेळ्या, सगळ्यांना मी वाट दाखवली. एका शेळीनं तर माझी दोरीच खाल्ली. असो, तिचंही पोट होतं.

पण माझं खरं काम वेगळंच होतं. नावेत मयत असली की सटवाजी माझी वात खाली करायचा. पार हरभऱ्याच्या दाण्याएवढी. बापानं त्याला तसं शिकवलं होतं. काठावरच्या माणसांना लांबूनच कळायचं, आज नावेत कुणीतरी गेलेलं आहे. कुणाचं माणूस दवाखान्यात आहे ते गावाला ठाऊकच असायचं. मग कुणी त्या घरी जायचं, बायामाणसं गोळा व्हायची, घरच्यांना धरून काठावर आणायची. नाव लागेपर्यंत रडून थोडं मोकळं झालेलं असायचं. वाईट बातमी पाण्यावरून अशी हळूहळू यायची. मोठा उजेड दिसला, की सगळे सुखरूप. हे गावाच्या डोळ्यांना पाठ झालं होतं.

मग एकदा दत्तरावांची नवी सून उतरताना घसरली आणि जरीच्या लुगड्यासकट चिखलात बसली. दत्तराव म्हणजे गावातले ट्रॅक्टरवाले. ते गरजले, "अरे, ह्या टिमटिमीत काय दिसायलंय कुणाला?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणि बल्ब आणून दिला. काय तो थाट! बटण दाबलं की काठावरचा दगडन्‌दगड दिसायचा. खोटं कशाला बोलू, उजेड माझ्यापेक्षा लय चांगला होता. मला वाटलं, नव्याचे नऊ दिवस. पण नऊ सरले, नव्वद सरले, बल्ब काही उतरला नाही. मी फळीखाली गेलो. काचेवर जाळी धरली, पोटातलं रॉकेल उडून गेलं. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. बंद पुकारला की एस्टी थांबायची, बाजार भरायचा नाही. अशाच एका बंदच्या दिवशी नाव दिवसभर काठाला बांधलेली होती. दिवस मावळायला पल्याडच्या गावचा आश्रुबा घाटावर आला. मागं बैलगाडी होती. त्याची लेक गीता बाळंतपणाला गंगाखेडच्या दवाखान्यात होती. आदल्या दिवशीच गावात निरोप गेला होता, मुलगी झाली, दोघी खुशाल, उद्या दिवेलागणीला घेऊन येतो. रात्रीतून गीताचं रक्त थांबेना. गाडीत आता पांढऱ्या चादरीत गीता होती, आणि तिची मावशी तानुबाई तान्ह्या पोरीला छातीशी धरून बसली होती. बंदमुळं पल्याड कुणी गेलंच नव्हतं. गीताची आई मनकर्णाबाई तापानं घरी राहिली होती. तिला कशाचाच पत्ता नव्हता.

नाव निघाली. पाणी चढलेलं होतं. मधल्या खडकांसाठी सटवाजीनं बल्ब लावला. अर्ध्या वाटेत तानुबाई म्हणाली, "सटवाजी, उजेड बारीक कर की रं. तिकडं माझी बहीण उभी आसंल."

"ह्यो बारीक होत न्हाई, बाई."

"मग इझव."

"खडक हायेत. पोटाशी पोर हाय तुमच्या."

मग त्याला माझी आठवण झाली. त्यानं फळीखालून मला ओढलं, कानाशी धरून हलवलं. आत थेंब नव्हता. काडी ओढून त्यानं वातीला लावली. कोरडी वात नुसती जळाली, धूर झाला आणि विझली. मित्रांनो, त्या क्षणी मला जेवढं वाईट वाटलं तेवढं कधीच वाटलं नाही. ज्या कामासाठी मला जपून ठेवायचं होतं, ते काम समोर होतं आणि मी रिकामा होतो.

काठावरून हाक आली, "आली गं माझी बाय! आली!"

मोठा उजेड बघून मनकर्णाबाई तापातच धावत आली होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात लेकीवरून नि नातीवरून ओवाळून टाकायला भाकरतुकडा. नाव टेकली. बल्बानं सगळं एकदमच दाखवलं. चादर, आश्रुबाचं खाली घातलेलं तोंड, सगळंच. तिच्या हातातला तांब्या पडला. भाकरतुकडा मात्र तिनं तसाच मुठीत आवळून धरला. तान्ही पोर रडायला लागली, तेव्हा कुठं तिच्या तोंडून आवाज निघाला.

पुढं दिवसपाणी झाल्यावर ती नातीला घेऊन घाटावर आली. म्हणाली, "सटवाजी, तुझा बल्ब चांगलाच हाय. पर मला घरापासून काठापत्तूरचा तेवढा येळ पायजे व्हता रं."

त्याच दिवशी सटवाजीनं मला राखेनं घासलं, नवी वात घातली, पोटभर रॉकेल भरलं.

आता नावेवर बल्ब आहे आणि त्याच्या शेजारी मी आहे. रोजचा उजेड त्याचा. मयत असली की तो विझतो, सटवाजी बेतानं वल्हं मारतो आणि मी दाण्याएवढा जळतो. माझा उजेड दिसला की काठावरची माणसं गप्प होतात. मला बघून आता कुणी हसत नाही.

मित्रांनो, नवा दिवा जरूर लावा. पण जुन्याच्या पोटात थोडं तेल राहू द्या. आणि कुणाच्या दारी वाईट निरोप न्यायची वेळ आली, तर आधी वात बारीक करा.

सटवाजी आजही दिवेलागणीला माझी काच पुसतो. मी भरलेला, तयार असतो. आणि रोज संध्याकाळी एकच मागणं मागतो, आज मला कुणी पेटवू नये.