पाण्यामागचं बाळ

सासरे धबधब्यावर वाटाडे होते आणि चाळीस वर्षं एकच गोष्ट सांगत आले होते. पाण्याच्या पडद्याआड एक आई बाळाला निजवत बसली आहे. ज्याच्या आवाजानं बाळ उठेल, त्यानं ते पुन्हा निजेपर्यंत झोका द्यायचा. "आणि बाळ महाहट्टी आहे बरं का," असं ते इतक्या गंभीरपणे सांगत, की धटिंगण माणसंही कठड्याशी कुजबुजत उभी राहत.

सूनबाई कॉलेजात जीवशास्त्र शिकलेली. धबधब्याच्या माहिती कक्षात नोकरी लागली तेव्हा तिला वाटलं, लोकांना खरं काय ते कळायला हवं. महिनाभर खपून तिनं फलक लिहिला. काळ्या कातळाचे थर, नुसत्या तुषारांवर जगणारं शेवाळ, आणि शेवटी: 'पडद्यामागे उजवीकडच्या तिसऱ्या कपारीत पाकोळ्यांची घरटी आहेत.'

सासऱ्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. "अक्षर सुरेख आहे हो तुझं," एवढंच म्हणाले.

आठवड्याभरात कॅमेरेवाले जमू लागले. उजवीकडून तिसरी कपार मोजायची, टाळ्या पिटायच्या, खडे भिरकावायचे. पाखरं उडाली की फोटो. आज सकाळी बाहेर पडलेल्या पाकोळ्या दुपार झाली तरी आत जाईनात. पाण्यासमोर नुसत्या घिरट्या. आणि आत पिल्लं उपाशी.

लेक जरा खोकली तरी कामावरून तीनदा घरी फोन करणारी ती. ती तडक सासऱ्यांकडे धावली.

"बाबा, तुम्हाला कळत होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"एवढ्या हौसेनं लिहिलेलंस. म्हटलं, वाचून लोक शहाण्यासारखे वागतील." त्यांनी कान खाजवला. "माझ्या आजोबांनी आम्हाला बाळ सांगितलं, पाकोळ्या कधी सांगितल्या नाहीत. का, ते मीही विचारलं नव्हतं बघ."

ती स्क्रूड्रायव्हर घेऊन फलक उतरवायला निघाली. आजोबांबरोबर आलेली चार वर्षांची लेक मागोमाग, फ्रॉकच्या ओच्यात स्क्रू गोळा करत.

"अहो मॅडम, गेल्याच आठवड्यात तर लावला!" माहिती कक्षाचे साहेब खिडकीतून ओरडले.

"चूक सापडली, साहेब."

"कुठली?"

"सगळं खरं लिहिलंय, तीच."

कठड्याशी पाचसहा जण होते. एकानं टाळीसाठी हात उचलले.

"थांबा, दादा! बाळ उठेल."

"कुणाचं बाळ?"

"आतल्या बाईचं. बिचारीचा आत्ता कुठे डोळा लागलाय." तिचा आवाज आपसूक खाली आला. "उठवलंत तर तुम्हालाच झोका द्यावा लागेल. मी सात महिने दिलाय, अनुभवाचं सांगते. तुम्हाला नाही झेपायचं."

त्यानं तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली, हसला आणि हात खिशात घातले. बाकीच्यांनीही कॅमेरे खाली केले. सासरे मागे उभे राहून मिशीत हसत होते.

मग नुसती वाट पाहणं. पाव तास, अर्धा तास. तुषारांनी सगळे भिजले.

एक काळी रेघ आली आणि सरळ पाण्यात घुसली. पाठोपाठ दुसरी. मग बघता बघता सगळा थवा.

लेकीनं तिचा पदर खाली ओढला. "आई, बाळाला खाऊ मिळाला?" तिनं अगदी खणखणीत आवाजात विचारलं.

"शूऽऽ!" सासरे, सून आणि तो कॅमेरेवाला एकदमच म्हणाले.