बरणीतला पाहुणा आणि मोहाची वाटी

मी काचेची बरणी. कैरीच्या लोणच्यासाठी आसनगावच्या वर्षाने मला घरी आणलं. लोणचं सरलं आणि माझ्यात भलताच पाहुणा आला.

वर्षाच्या लेकीने, पाचवीतल्या रुचिताने, शेताच्या बांधावरून मोठा कोळी आणला. माझ्यात माती घातली, तोंडाला फडकं बांधलं. पाहुणा मोठा शांत! उगाच धावपळ नाही, तक्रार नाही. मला तो फार आवडला.

"उपाशी राहील गो," म्हणत रुचिता रोज नाकतोडे टाकायची, वर मातीवर पाणी शिंपडायची. उरलेले नाकतोडे ओलीत सडले आणि चिलटं झाली. फडक्यातून निघून ती सहा महिन्यांच्या हर्षितच्या डोळ्यांवर बसू लागली.

वर्षा आधीच घाबरट. बाळ शिंकलं तरी ती दवाखान्यात धावते.

"बरणी फेक, नायतर मी औषध मारते!"

"आई, तो मरंल ना!"

"आन् माझ्या बाळाचे डोळे?"

शेवटी वर्षाने चिलटं घालवायला घरात, गोठ्यात करतात तसा, कडुनिंबाचा धूर केला. गुरांना सोसतो, तर कोळ्याला काय होतंय! पण धूर माझ्यात कोंडला आणि पाहुण्याचे पाय आखडले. रुचिता रडू लागली. वर्षाने मला पडवीत नेऊन फडकं सोडलं, तेव्हा तिला पोटामागची पांढरी गोळी दिसली. अंड्यांची. पाय आखडले, तरी ती सोडली नव्हती.

"अगो, ही तर लेकुरवाळी!" वर्षाने मला वाऱ्याच्या तोंडाला धरलं.

वाऱ्याने हळूहळू पाय हलले. धूर बघून आलेली पाड्यावरची बाईजामावशी हसली, "धुरानं माणसाला घरातनं हाकललंस, चिलटं तिथंच! त्यांना आंबट वास दाव."

वर्षाने सडकं काढलं, माती बदलली, एकाच बाजूला ओल ठेवली. तोंडाला जुन्या नायलॉनच्या साडीचा दुहेरी तुकडा बांधला. शेजारी वाटीत आंबलेल्या मोहाच्या फुलांचं पाणी, वर तेलाचा थेंब. चार दिवसांत वाटीवर चिलटांची काळी साय धरली. रोज बाळाचे डोळे पुसले की वर्षा माझ्यात डोकावायची, "हायस ना गो बाई?"

पुढे पिल्लं निघाली आणि आईच्या पाठीवर चढली. वर्षाने स्वतः मला बांधावर आडवं केलं. "सावकाश जा गो, पोरं पडतील."

आता मी खिडकीत रिकामी. यंदाचं लोणचं दुसऱ्या बरणीत घातलंय. माझं एकच मागणं: माझ्यात जीव ठेवलात, तर उष्टं काढा, ओल बेताची ठेवा, आणि धूर करण्याआधी आत एकदा वाकून बघा. वर्षा अजून येता-जाता बघते.