खारासुराचं इरलं

मित्रांनो, भाईंदरच्या मिठागराजवळच्या एका झोपडीत, दाराशेजारच्या खुंटीवर, अंगाला डांबराचा वास येणारं एक जुनं इरलं टांगलेलं आहे. तेच मी. पाऊस अडवणं हे माझं काम. पण मला टाळ्या मिळाल्या त्या पाणी अडवता येत नव्हतं म्हणून, आणि शिव्या मिळाल्या त्या पाणी अडवलं म्हणून! एवढी वर्षं झाली, तरी हा उलटा न्याय आठवला की मी खुंटीवरच थक्क होतो.

माझा जन्म चिपळूणच्या बाजूचा. बांबूच्या कामट्या विणून माझी दोन जाळी केली आणि त्यांच्यामध्ये पळसाची पानं दाबून बसवली. डोक्यावरून थेट कमरेपर्यंत येणारा माझा आकार. माझी मालकीण सरूबाई मला पाठीवर घेऊन भाताची लावणी करायची. वरून धो धो पाऊस आणि खाली सरूबाई कोरडी ठणठणीत. माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

साठ सालच्या सुमारास सरूबाईचा मुलगा नाथा आणि त्याची बायको चंपा भाईंदरला मिठागरात कामाला आली. सरूबाईही आली आणि तिच्याबरोबर मी. तोवर माझी पानं कुजली होती. मी गळू लागलो होतो. सरूबाईनं मला झोपडीमागे सरपणावर टाकलं. आता चुलीतच जायचं, अशी माझी खात्रीच झाली होती.

पण मिठागरातल्या लोकांचा एक रिवाज होता. शिमग्याला ते खारासुराचं सोंग काढायचे. हा खारासुर म्हणजे मिठाचा राक्षस. त्यानं जीभ लावली की विहिरीचं पाणी खारट होतं, अशी गोष्ट. त्याला तलवारीचं भय नाही, विस्तवाचं नाही. भय एकाच गोष्टीचं, गोड्या पाण्याचं. अंगच मिठाचं, मग दुसरं काय होणार? म्हणून हा राक्षस इरल्याशिवाय घराबाहेर पडत नाही! हे ऐकलं तेव्हा मी अवाक झालो. राक्षसाला लोखंडी चिलखत असावं, ढाल असावी. इरलं कसलं?

खारासुर नाथा व्हायचा. त्याच्यासाठी गोणपाटाचा झगा खाऱ्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवत, पुन्हा बुडवत, पुन्हा वाळवत. मिठाचे खडे धरून झगा पांढराशुभ्र आणि फळीसारखा कडक व्हायचा. त्यात शिरलेला नाथा दुप्पट रुंद दिसायचा. शेवटी गोडाई यायची, गोड्या पाण्याची आई. ती व्हायचा मिठागरातलाच लवू, मिशा पदराआड लपवून. तो खारासुरावर कळशीभर पाणी ओतायचा, झगा मऊ पडायचा आणि बघता बघता राक्षस खांद्यापासून ढासळायचा.

झोपडीमागे मला पाहून महिपत मुकादम ओरडला, "हेच पायजे! गळकं आहे ना, पाणी आत जाईल. धड इरलं घातलं तर राक्षस मरायचा कसा?"

अशी माझी नेमणूक झाली. ज्या भोकांची मला लाज वाटत होती, त्यांचंच कौतुक! दर वर्षी नाथा मला डोक्यावर घेऊन गर्जायचा, "कोण भिजवतो मला? बघतोच मी!" आणि मी भसाभसा गळायचो. मिठागराच्या बाजूला गोडं पाणी लांबून आणावं लागे, तरी प्रत्येक घर त्या कळशीत तांब्याभर पाणी घालायचं. आभाळाच्या वाट्याचं पाणी आधीच ओतून टाकलं की उघड्यावरच्या मिठावर अवकाळी पाऊस पडत नाही, अशी सगळ्यांची श्रद्धा होती.

एकाहत्तर सालच्या शिमग्यात भिजलेला नाथा तापानं पडला तो महिनाभर उठला नाही. छाती भरली. स्टेशनाजवळच्या डॉक्टरांनी चंपाला बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा असा भिजला तर जगायचा नाही." नाथा उठला, कामाला लागला, पण खोकला राहिला. तो खोकला त्यानं लपवला. कळलं तर मुकादम कामावर ठेवणार नाही, ही धास्ती होती त्याला. पुढच्या शिमग्याच्या तालमीत खोकल्याची उबळ आली की तो हात पसरून डोळे वटारायचा. बघणाऱ्यांना वाटायचं, काय घोगरा गुरगुरतोय राक्षस! आणि लोक टाळ्या वाजवायचे. मित्रांनो, आजारी माणसाच्या खोकल्याला टाळ्या! मी त्याच्या डोक्यावर होतो, मला त्याची छाती आतून घरघरताना ऐकू येत होती.

शिमगा जवळ आला तशी चंपा म्हणाली, "अहो, या वर्षी नको ना सोंग. दुसऱ्या कुणाला तरी करू दे."

"दहा वर्षं मीच करतोय. काय सांगू लोकांना? पाण्याला घाबरलो म्हणून?"

"आईंना तरी सांगू?"

"कुणाला नाय सांगायचं. शपथ आहे तुला माझी."

चंपा चुलीकडे वळली. मला वाटलं, हरली बिचारी. पण दुसऱ्याच दिवशी तिनं मला उचललं आणि खाडीकाठच्या लक्ष्मीकडे नेलं. लक्ष्मी कोळीण चंपाची मैत्रीण. तिच्या दारात होडीला लावून उरलेलं डांबर होतं.

"सोंगाचा इरला ना गो ह्यो?" लक्ष्मीनं विचारलं. "याला डांबर कशाला?"

"माझा माणूस कोरडा राहायला पाहिजे."

लक्ष्मीनं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि डांबराचा डबा पुढे ओढला. "आण इकरं. एक थेंब जानार न्हाय."

दोघींनी माझ्या आतल्या बाजूला गोणपाट शिवलं आणि त्या गोणपाटावर डांबर फासलं. माझं एकूण एक भोक बुजलं. मी पुन्हा इरलं झालो होतो, खरंखुरं! वरून पानं तशीच जुनी, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. डांबराचा वास आला तेव्हा चंपानं नाथाला सांगितलं, "वाळवी लागली होती."

सोंगाचा दिवस आला. उन्हं कलली होती. सगळी मिठागराची माणसं गोल करून बसली. नाथानं गर्जना केली. लवू पदर सावरत आला आणि त्यानं कळशी माझ्यावर उपडी केली.

पाणी माझ्यावरून सरळ घरंगळून जमिनीवर गेलं.

नाथा कोरडा. झगा कोरडा. खारासुर होता तसाच उभा! मग एका बाईनं तोंडावर हात नेला. "मेला नाय तो," कुणीतरी पुटपुटलं. लवू पदराआडून दातओठ खाऊन म्हणत होता, "नाथा, अरे पड ना! पड!" नाथा पडणार कसा? कडक झग्यात त्याला वाकताही येत नव्हतं. त्यानं मान वर करून माझ्या आत पाहिलं. काळंभोर डांबर दिसलं आणि त्याला सगळं समजलं.

महिपत मुकादम तावातावानं पुढे आला. "पाणी फुकट गेलं सगळं! काय केलंस रे या इरल्याला? उद्या पाऊस पडला मिठावर तर कोण भरून देणार?" त्यानं माझी कड धरली आणि खेचायला लागला. लोक ओरडू लागले, "काढा ते! फेका!" इतकी वर्षं डोक्यावर घेतलं, आणि आज पुन्हा मी धड काम केलं तर फेका? माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना.

तेवढ्यात चंपा धावत आली. सोंगाच्या गोलात बाईमाणसानं पाऊल टाकल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी मला धरलं.

"मी लावलंय डांबर. मुकादम, हा भिजला तर मरेल. डॉक्टरांनी सांगितलंय मला."

"चंपा, गप!" नाथा ओरडला, आणि त्या ओरडण्याबरोबर त्याला उबळ आली. एक मुलगी सवयीनं टाळ्या वाजवू लागली. तिच्या आईनं तिचे हात धरले. आता सगळ्यांना ऐकू येत होतं. खोकला थांबता थांबेना.

"नाथा," महिपतनं अगदी हळू विचारलं, "हा खोकला खरा आहे?"

नाथानं मान हलवली. महिपतचा हात माझ्यावरून गळून पडला. तिकडे सरूबाई उठून उभी राहिली होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिचा चेहरा मला बघवेना.

"अरे, पण राक्षस मरायला पायजे ना!" मागून कुणीतरी म्हणालं.

"मरू दे की," चंपा म्हणाली आणि नाथाकडे वळली. "खारासुराला मरायचंय, तुम्हांला नाही. या बाहेर."

तिनं मला नाथाच्या डोक्यावरून काढलं, त्याला झग्याच्या आतल्या आत खाली बसवलं आणि खालच्या घेरातून हात धरून बाहेर ओढलं. मित्रांनो, झगा तसाच उभा राहिला! आत माणूस नाही आणि राक्षस आपला खांदे ताठ करून उभा. दोनेकशे माणसं डोळे फाडून बघत राहिली. चंपानं मला नाथाच्या अंगावर घातलं.

पण पाणी संपलं होतं. लवू रिकामी कळशी घेऊन बावळटासारखा उभा. तेव्हा सरूबाई झोपडीत गेली आणि घरातली प्यायच्या पाण्याची कळशी घेऊन आली. लवूला तिनं हात लावू दिला नाही. ते पाणी तिनं स्वतः त्या झग्यावर ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत. खारासुर ढासळला. कुणीही टाळी वाजवली नाही.

त्या चैत्रात अवकाळी पावसाची एक सर आलीच. मिठाचे थोडे ढीग विरघळले. आता चंपाला बोलणार सगळे, म्हणून मी धास्तावलो होतो. कुणी चकार शब्द काढला नाही. महिपतनं नाथाला कामावरून काढलं नाही, पाण्यातलं काम बंद करून मिठाच्या राखणीवर बसवलं. त्यानंतर दर शिमग्याला नुसता झगाच उभा करतात. नाथा आता प्रेक्षकांत बसतो.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. घरी येईपर्यंत नाथा चंपाच्या पुढे पुढे चालत होता. त्यानं मला खुंटीला लावलं, आणि भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "मला भीती वाटत होती गं. फार."

"मग सांगायचं नाही का?"

"राक्षसानं कुणाला सांगायचं, चंपे?"

मित्रांनो, मी हादरलो. दहा वर्षं मी या माणसाच्या डोक्यावर होतो आणि मला हे ठाऊक नव्हतं. म्हणून एवढंच मागतो. तुमच्या घरातही कुणीतरी मोठ्या आवाजात गर्जत असेल, कशालाच भीत नसेल. त्याच्यासाठी टाळ्या जरूर वाजवा. पण आधी जवळ जाऊन एकदा विचारा, "तुम्हांला बरं वाटतंय ना?"