वाचनालयातलं इंटरनेट हरवलं तेव्हा

दोन हजार चार साली, एका सोमवारी सकाळी, वाचनालयातलं इंटरनेट चोरीला गेलं.

"बाई, परवापर्यंत इथंच होतं हो," पोस्टमास्तर पडद्यावर बोट टेकवून म्हणाले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते सगळ्यांचे पोस्टमास्तरच होते. "निळं चिन्ह. ते दाबलं की इंटरनेट यायचं. कुणी नेलं?"

नेलं होतं बाईंनीच. वाचनालयाच्या मागच्या अंगाला, जुन्या मासिकांच्या कपाटांना लागून, चार संगणकांची खोली होती आणि ती बाईंच्या ताब्यात होती. यंत्रांबरोबर आलेला ब्राउझर, म्हणजे ज्यातून इंटरनेटची पानं उघडतात तो प्रोग्राम, एव्हाना थकला होता. त्यातून नको त्या जाहिराती भराभर उघडत, त्यांच्या मागोमाग व्हायरस शिरे, आणि दर काही दिवसांनी एखादं यंत्र मान टाकी. अध्यक्षांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, "आता यंत्रं बंद पडली तर खोलीला कुलूप. कपाटं तरी ठेवता येतील तिथं."

बाईंचे दीर संगणक दुरुस्त करायचे. त्यांनी एका सीडीवर नवा ब्राउझर आणून दिला. फुकटचा, चपळ, जाहिरातींना दारातच अडवणारा, एकाच खिडकीत चार पानं शेजारी शेजारी मांडून ठेवणारा. बाईंना तो फारच आवडला. त्यांनी तो चारही यंत्रांवर बसवला, भिंतीवर सूचना लावली, येईल त्याला त्याचे गुण ऐकवले. लोक मान डोलवत आणि निळं चिन्ह दाबत.

"वहिनी, तुमच्या गुणी बाळाला कुणी विचारत नाही वाटतं," दिरांनी चिडवलं.

"हसा तुम्ही. इतका चांगला आहे, भावजी, मग घोडं अडतंय कुठं?"

"जुना आधीपासून घरात ठाण मांडून बसलाय. यंत्राबरोबर आला, कुणाला काही करावं लागलं नाही. लोकांच्या लेखी तो म्हणजेच इंटरनेट."

तेव्हा बाईंनी मनाचा हिय्या केला आणि निळं चिन्ह पडद्यावरून काढूनच टाकलं.

"हे दाबा मास्तर," त्या आता म्हणाल्या. "तेच आहे, उलट बरंच आहे."

पोस्टमास्तरांनी दाबलं. पान उघडलं, पण वरची पट्टी वेगळी, बटणं भलतीकडेच.

"यात माझ्या लेकीची पत्रं असतील कशावरून?"

"पत्रं तिकडं दूर असतात. हे नुसतं दार."

"असेल. पण माझं टपाल मी अनोळखी माणसाच्या हाती देत नाही." त्यांनी चष्मा खिशात घातला आणि ते निघून गेले.

मंगळवारी आले नाहीत. सबंध आठवडा आले नाहीत. त्यांच्यासारखे आणखीही बरेच फिरकेनासे झाले. अध्यक्ष दारातून डोकावून म्हणाले, "वा. यंत्रं बंद पडायची थांबली, आता माणसं बंद पडली. कुलूप आणायला सांगू का?"

बाईंना अध्यक्षांपेक्षा पोस्टमास्तरांचं लागून राहिलं. त्यांची एकुलती एक लेक परदेशी होती. घरी फोन होता, पण कानांनी दगा दिला होता. लेकीशी बोलायचं म्हणजे ही खोली, दुसरं काही नाही.

त्यांनी निळं चिन्ह मुकाट्यानं परत आणलं. गुण सांगायचं बंद केलं आणि खुर्ची ओढून लोकांच्या मागं नुसत्या बसून राहिल्या. बघता बघता त्यांच्या ध्यानात आलं, की ब्राउझर बघायला इथं कुणी येतच नाही. कुणाला परीक्षेचा निकाल हवा असतो, कुणाला नोकरीची जाहिरात, कुणाला बुद्धिबळाचा डाव. मग त्यांनी पडद्यावर तीच नावं मांडली: निकाल, नोकऱ्या, बुद्धिबळ, बातम्या. काही दाबलं तरी उघडायचं ते नव्या ब्राउझरमध्येच. आणि एका यंत्रावर, खाली डाव्या कोपऱ्यात, त्यांनी एकटंच एक चिन्ह ठेवलं: पत्र. पोस्टमास्तरांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, त्यांची नजर आधी तिथंच जाई.

संध्याकाळी बाई त्यांच्या घरी गेल्या.

"इंटरनेट सापडलं का?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"सापडलं," बाई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या. "पण तुम्हाला इंटरनेट हवंय की पत्र?"

"पत्र," पोस्टमास्तर म्हणाले, आणि चपला शोधू लागले.

लेकीची बरीच पत्रं साचली होती. शेवटचं एका ओळीचं होतं: बाबा, बरे आहात ना? पोस्टमास्तरांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग एका बोटानं उत्तर लिहायला बसले. ते पोचतं झाल्यावर बाईंकडे वळून म्हणाले, "हा नवा बरा आहे. गडबड करत नाही आणि रेंगाळतही नाही. आमच्या खात्यात शोभला असता."

त्यानंतर शेजारच्या खुर्चीवर जो बसेल त्याला ते बजावू लागले, "हाच उघडा. खात्रीचा आहे." सूचनेला जे जमलं नव्हतं ते त्यांच्या शब्दानं झालं. लोक दिरांकडे आपापली यंत्रं आणून सांगू लागले, वाचनालयात आहे तोच बसवा. निळं चिन्ह पडद्यावर होतं, पण त्याच्याकडे कुणी बघेना.

कुलूप काही आलं नाही. पुढं अध्यक्ष पाहुण्यांना मुद्दाम ती खोली दाखवत आणि "आमची कल्पना" म्हणत. बाई हसून दुसरीकडे बघत. दिरांनी संगणक सोडून मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं, ते बरं चाललं. बाईंचा लाडका ब्राउझरही मागं पडला; त्याच्याहून चपळ एक आला, मग फोन आले, आणि फोनबरोबर जो आला तोच लोकांनी वापरला. बाईंनी त्याचं काही वाईट वाटून घेतलं नाही. पोस्टमास्तर गेले तेव्हा लेक आली होती. त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर बसून तिनं विचारलं, "बाबा कुठं दाबायचे?" बाईंनी कोपरा दाखवला.

आता बाई निवृत्त आहेत, सकाळी वर्तमानपत्र वाचायला जातात. त्या खोलीत दुसऱ्या बाई आहेत, यंत्रं दोनदा बदलली. तरी त्यातल्या एकावर, खाली डाव्या कोपऱ्यात, एकटंच एक चिन्ह आहे: पत्र. ते तिथं का, हे नव्या बाईंना ठाऊक नाही. पण त्या ते हलवत नाहीत. लोकांना सवय आहे, म्हणतात.