पाठ असलेले गाणे

वहिनींनी हेडफोन कानांवरून काढले, टेबलावरच्या लोकरी कापडावर पालथे ठेवले आणि म्हणाल्या,

"श्वास नाही."

काचेपलीकडे उभ्या असलेल्या विक्रीप्रमुखाला ते ऐकू जाणे शक्य नव्हते. त्या खोलीतला आवाज बाहेर जाऊ नये आणि बाहेरचा आत येऊ नये, यासाठीच ती बांधली होती. त्याने जड दार ढकलून फक्त मान आत घातली.

"पास ना?"

"दुसऱ्या कडव्याच्या आधी गाणारी बाई तोंडाने श्वास घेते. हेडफोनच्या या नव्या जोडीत ती श्वास न घेताच गाते. मेलेलं माणूस गात नाही, तेव्हा दोष जोडीत आहे."

हेडफोन तयार करणाऱ्या त्या कारखान्यातून कोणतेही नवे मॉडेल श्रवणकक्षाच्या होकाराशिवाय बाहेर पडत नसे, आणि श्रवणकक्ष म्हणजे वहिनी. शिक्षणाने त्या पदार्थविज्ञानाच्या. त्यांचा धाकटा दीर कारखान्याच्याच प्रयोगशाळेत मापनाचे काम पाहत असे. वहिनी रुजू झाल्या त्या दिवशी घरच्या सवयीने त्याने सर्वांसमोर "वहिनी, इकडे या" अशी हाक मारली आणि तेव्हापासून त्या अख्ख्या कारखान्याच्या वहिनी झाल्या. मालकांच्याही, आणि ज्याच्याशी त्यांचा छत्तीसचा आकडा होता त्या विक्रीप्रमुखाच्याही. विक्रीप्रमुखाला पाठीमागे सगळे 'दणका' म्हणत. हे नाव त्याने स्वकष्टाने मिळवले होते.

"वहिनी, अहो, माझं गाणं लावून बघा ना," दणका आता पूर्ण आत आला. "काल आम्ही सगळ्यांनी ऐकलं. छाती हलते हो!"

"तुमच्या गाण्यावर बिस्किटांचा डबासुद्धा पास होईल. आणि हलायचा असतो तो कानाचा पडदा. छातीचं खातं आमच्याकडे नाही."

दणक्याचे गाणे म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत ढोल. वहिनींचे गाणे म्हणजे एक बाई, एक व्हायोलिन आणि पुष्कळशी शांतता. गाणारी कोण, हे कोणालाच माहीत नव्हते, आणि गाणे फारसे चांगले आहे असे वहिनींचेही म्हणणे नव्हते. पण ढोलामागे काहीही लपवता येते, शांततेमागे नाही, म्हणून वर्षानुवर्षे प्रत्येक नव्या जोडीची गाठ त्या गाण्याशीच पडत आली होती.

दीर हातात कागद घेऊन दारात उभा होता. आत यावे की नाही, हे त्याचे ठरत नव्हते.

"तू काय घेऊन आलास?"

"पुतळ्याचा आलेख," तो म्हणाला. पुतळा म्हणजे रबराचे एक डोके. त्याच्या कानांच्या भोकांत मायक्रोफोन बसवलेले होते. "वहिनी, पुतळ्याला श्वास मिळतोय. दोन्ही जोड्यांत. आपल्या जुन्या जोडीत आणि या नवीत काडीचा फरक नाही."

"मग झालं तर!" दणक्याने टाळी वाजवली. टाळीचा आवाज त्या खोलीत जागच्या जागी विझला. "पुतळ्याला ऐकू येतं. एकट्या वहिनींना येत नाही. वहिनी, राग मानू नका, पण हे नाचता येईना अंगण वाकडं, असं तर नाही ना?"

दिराने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"शक्य आहे," वहिनी म्हणाल्या.

दणक्याला भांडण अपेक्षित होते. होकाराचे काय करायचे, हे त्याला सुचेना.

"तुम्ही एक विधान केलंत. माझे कान गेलेत. ते खरं की खोटं हे तपासता येतं. खरं निघालं तर ही खुर्ची मी आजच रिकामी करीन. खोटं निघालं तर तुमचं ते गाणं या इमारतीत पुन्हा वाजणार नाही. कबूल?"

"कबूल!"

"वहिनी," दीर हळूच म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"कारण हात माझा आहे. जा, नाणं घेऊन ये."

परीक्षा त्यांनीच आखली. अशा परीक्षा आखण्यात त्यांचा हातखंडा होता. सोन्याच्या तारेतून आवाज गोड होऊन येतो असे छातीठोकपणे सांगणाऱ्या भल्याभल्यांना त्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून साध्या तारेवर डोलायला लावले होते, आणि नंतर पट्टी सोडताना त्यांच्याकडे पाहून हसण्याचेही टाळले होते. आता गाण्याच्या दोन प्रती करायच्या: एक जशीच्या तशी, दुसरीतून तेवढा श्वास कापलेला. दिराने कधी जुनी, पास झालेली जोडी त्यांच्या डोक्यावर चढवायची, कधी नवी. कोणती प्रत वाजवायची ते बाहेर जाऊन नाणे उडवून ठरवायचे. वहिनींनी डोळे मिटून बसायचे आणि श्वास ऐकू आला की हात वर करायचा.

त्या बसल्या. व्हायोलिन थांबले, त्यांचा हात वर गेला. पुन्हा थांबले, या वेळी हात मांडीवरच राहिला. मनात कसलीही चलबिचल नव्हती. स्वतःच्या घराचे कुलूप अंधारात उघडावे, तितक्या सहज उत्तरे येत होती. काचेपलीकडे दणका आधी उभा होता, मग खुर्चीवर टेकला, मग फोनवर बोलायला निघून गेला. चहा येऊन निवला.

परीक्षा संपल्यावर दीर आत आला आणि त्याने दार लावून घेतले. कोपऱ्यातले स्टूल ओढून तो बसला. घरी आजारी माणसाच्या उशाशी तो असाच बसत असे.

"बोल."

"दणका खाली गेलाय. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही."

"ते मी विचारलं नाही."

"जुनी जोडी घातली की तुमचा हात वर. दर वेळी."

"मग चुकलं कुठे?"

"त्यातल्या निम्म्या वेळा श्वास कापलेला होता, वहिनी."

वहिनींनी मान थोडी तिरपी केली. दुसऱ्या कोणाची आकडेवारी ऐकताना त्या अशीच मान तिरपी करीत.

"आणि नवी घातल्यावर?"

"एकदाही नाही. होता तेव्हाही नाही."

मग त्यांनी जुनी जोडी उचलली, तिच्या झिजलेल्या गाद्या अंगठ्याने दाबून पाहिल्या, आणि बंद पडलेल्या तापमापकाबद्दल बोलावे तशा सुरात म्हणाल्या,

"म्हणजे श्वास मला कुठल्याच जोडीत ऐकू येत नाही. किती दिवसांपासून, कोण जाणे. ही डोक्यावर बसली की हिच्या वजनाबरोबर तो आपोआप यायचा. नवी परकी, तिने आठवण करून दिली नाही. जेवढं मला ऐकू येतं, तेवढंच ऐकवलं."

"नवी खरं बोलली, असंच ना?"

"माझ्याबद्दल. स्वतःबद्दल ती अजून काहीच बोललेली नाही."

चाचणीसाठी नेहमी पाठ असलेलेच गाणे घ्यावे, हे या धंद्यातले पहिले सूत्र. वहिनींनी ते येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला शिकवले होते. पाठ असलेले गाणे कान ऐकतच नाहीत, डोकेच ते म्हणून दाखवते, ही साधी गोष्ट कोणाच्याही ध्यानात आली नव्हती, आणि सोन्याच्या तारांची खिल्ली उडवणाऱ्या बाईच्या तर मुळीच नाही.

दिराने आवाज खाली आणला. मग काहीतरी लक्षात येऊन पुन्हा नेहमीसारखा केला.

"वहिनी, निकाल फक्त मला ठाऊक आहे. मी खाली जाऊन सांगतो, सगळी उत्तरं बरोबर. त्याला काय कळणार? खुर्ची तुमची राहील."

"आणि तिच्यात बसून ऐकणार कोण?"

त्याने हातातला कागद खिशात घातला.

"दादाला माहितीये," तो शेवटी म्हणाला. "गेलं वर्षभर तो तुमच्याशी ओरडून बोलतो. तुमच्या लक्षात नाही आलं?"

"मला वाटलं चिडका झालाय. वयामुळे."

"वयामुळेच. पण त्याच्या नाही."

वहिनींना हसू आले आणि ते आवरायला त्यांना थोडा वेळ लागला. डोळे पुसून त्या उठल्या, खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर काढून हातावर घेतला, ड्रॉवरमधला चष्मा पर्समध्ये टाकला आणि दार उघडले.

दणका जिना चढून येतच होता.

"मी नापास," वहिनी म्हणाल्या. "पार नापास. मला श्वास ऐकू येत नाही. येतोय असा नुसता भास होतो."

जिंकल्यावर काय बोलायचे याची तयारी दणक्याने केलेली असणार. पण जिंकणे इतक्या सरळपणे हातात ठेवले जाईल, असे त्याला वाटले नव्हते. तो एक पायरी खालीच थांबला.

"अहो, असं कसं... म्हणजे, मी आपलं चेष्टेत म्हणालो होतो. वय काय सगळ्यांचंच होतं."

"होतं."

"तरी पण वाईट वाटतं हो." वाईट वाटून झाल्यावर त्याचा चेहरा उजळला. "मग जोडी पास म्हणून कळवू ना वर?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच! तुमचे कान—"

"माझे कान नापास झाले. तुमच्या जोडीची परीक्षा अजून झालेलीच नाही. साक्षीदार खोटा निघाला म्हणून आरोपी सुटत नाही. दुसरा साक्षीदार आणावा लागतो."

"पण पुतळा तर म्हणतोय—"

"पुतळा काही म्हणत नाही, साहेब," दीर मागून म्हणाला. आपण मध्ये बोललो याचे त्याचे त्यालाच नवल वाटले असावे. "तो मोजतो. बरं-वाईट म्हणायला माणूस लागतं."

दणक्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "तुम्ही दीर-वहिनी मिळून मला गुंडाळताय. खुर्ची रिकामी करते म्हणाला होतात ना?"

"केली आहे," वहिनींनी दार सताड उघडले. "बसा."

"मी?"

"कान आहेत ना? की तुम्हीही छातीनेच ऐकता?"

दणका बसला. बसला कारण जिन्यात उभे राहून नाही म्हणणे त्याला जास्त अवघड गेले असते. नवे-नवे गायक कारखान्याकडे आपली ध्वनिमुद्रणे आपणहून पाठवीत; ती कोणी ऐकत नसे आणि कोणी टाकूनही देत नसे. वहिनींनी त्या ध्वनिमुद्रणांचे खोके ओढले, तोंड दुसरीकडे केले आणि हाताला लागले ते एक बाहेर काढले. त्या तिघांपैकी कोणीच ते ऐकलेले नव्हते. दिराने दोन्ही जोड्यांच्या गाद्या काढून नव्या, एकसारख्या बसवल्या. दणक्याच्या डोळ्यांवर त्याचाच रुमाल बांधला. जुनी काय, नवी काय, आता हाताला आणि डोळ्यांना दोन्ही सारख्याच; ओळख पटायची ती फक्त आतल्या बाजूच्या क्रमांकावरून.

"यात ऐकायचं काय?" पट्टीखालून दणक्याने विचारले.

"ते सांगितलं तर तेवढंच ऐकू येईल."

"ही काय परीक्षा झाली? प्रश्नच नाही!"

"प्रश्न तुम्ही शोधायचा."

नाणे उडाले. पहिली जोडी डोक्यावर चढताच दणक्याने ओळीचा शेवटही होऊ दिला नाही. "ही नवी! शंभर टक्के! काय भरलेला आवाज आहे!"

दीर काही बोलला नाही. वहिनीही बोलल्या नाहीत. त्या शांततेचा अर्थ लावायचा प्रयत्न दणक्याने केला आणि त्याला तो लागला नाही. नाणे पुन्हा उडाले, जोडी बदलली की तीच राहिली हे एकट्या दिराला ठाऊक. या वेळी दणका पूर्ण ओळ थांबला. पुढच्या खेपेला पूर्ण कडवे. त्याचा नेहमी ठेका धरणारा पाय जमिनीवर सपाट टेकला होता आणि तोंड किंचित उघडे राहिले होते. आपण ऐकतो आहोत असे दाखवण्याची त्याला एरवी फार सवय होती. ती आता कुठे दिसत नव्हती.

"थांबा," तो एकदम म्हणाला. "हे पुन्हा लावा."

दिराने लावले.

"या गाणाऱ्या बाईच्या मागे अजून कोणीतरी गातंय. अगदी हळू. लांबून." त्याचा हात हवेत वर आला, ते 'लांबून' कुठे आहे हे दाखवायला. "मघाच्या जोडीत हे नव्हतं. मघाच्या जोडीत बाई एकटीच होती. वहिनी, बरोबर आहे का? मघाची कुठली होती?"

वहिनींना त्या ध्वनिमुद्रणात दुसरे कोणी आहे की नाही, हे ऐकून कधीच कळणार नव्हते. दीर त्यांच्याकडेच पाहत होता आणि हातातल्या जोडीचा क्रमांक दाखवण्यासाठी ती वळवू लागला होता. त्यांनी तळहात आडवा धरून त्याला थांबवले आणि त्याच्याकडे पाठ केली. चेहरा पट्टीपलीकडच्या माणसाला दिसत नाही. पण माहीत असलेली गोष्ट आवाजातून गळते.

"मला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "कोणालाच नको."

"अहो पण मला ऐकू आलं!" दणका खुर्चीत पुढे सरकला. "खरंच आलं! मी काय खोटं बोलतोय?"

"मीही खोटं बोलत नव्हते," वहिनी म्हणाल्या. "उडव नाणं."