पंचाक्षरी सरांचा दात

“सुकन्या, क्लॅरिओनेट सरळ धर.”

“सरळच हाय की सर.”

“कुठं सरळ? एका बाजूला कलंडलंय बघ. आणि ओठाचा कोपरा एवढा आवळलास कशाला?”

सुकन्या मंगळवेढ्याची. तिला खोटं बोलता येत नसे आणि खरं हळू बोलता येत नसे. “तुमी धरता तसंच धरलंय की सर,” ती म्हणाली.

पंचाक्षरी सरांनी रांगेकडे पाहिलं. विरेशचं वाद्य कललेलं, प्रियदर्शनीचं कललेलं. झाडून सगळ्यांच्या ओठांचा एकच कोपरा आवळलेला, जणू वर्गात सगळ्यांचा एकच दात दुखत होता. एरवी सर हसले असते. आज हसले नाहीत, कारण दुखणारा दात त्यांचा होता.

वरचा, समोरचा. दिवाळीपासून हलत होता. क्लॅरिओनेटचं तोंड वरच्या दातांवर टेकतं आणि फुंकलं की थरथर थेट हिरडीत जाते. सरांनी वाद्य जरासं सरकवलं, भार ओठावर घेतला आणि वाजवत राहिले. ऐकणाऱ्यांना काही कळलं नाही. घरी बायकोला, जगदेवीबाईंना, मात्र कळलं होतं. कडक भाकरी कडाकडा मोडून खाणारा हा माणूस आता ती आमटीत बुडवून भिजायची वाट बघत बसे. “दात दुखतोय म्हणायला लाज वाटतीय काय?” असं त्या विचारत. “आमटी झकास झालीय,” असं म्हणून सर वेळ मारून नेत.

लाज नव्हती, भीती होती. सरांचं आयुष्य दोन डगरींवर पाय ठेवून चाललं होतं. विद्यापीठात त्यांना ‘कलाकार’ म्हणत, म्हणजे हे वेळेवर येणार नाहीत असं धरून चालत. कार्यक्रमाच्या ठिकाणी ‘प्राध्यापक’ म्हणत, म्हणजे हे फार बोलणार असं धरून चालत. सर वेळेवर जात आणि कमी बोलत, तरी उपयोग नव्हता. दोन्हीकडे त्यांना उभं करणारी गोष्ट एकच होती, त्यांच्या क्लॅरिओनेटचा आवाज. सनईसारखीच पण छोटी सुंदरी, सनई, बासरी, क्लॅरिओनेट आणि मागे अखंड सूर धरणारी आणखी एक सनई, असा त्यांचा पाच जणांचा संच होता. येत्या रविवारी नाट्यगृहात त्यांचा आजवरचा सगळ्यात मोठा कार्यक्रम होता. तिकिटं लावून. फुंकून वाजवणाऱ्यांना ऐकायला लोक तिकीट काढतायत, याचंच सगळ्यांना अप्रूप होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात वाद्य सरळ धरून पाहिलं. दुसऱ्याच सुराला डोळ्यांत पाणी आलं. मग नुसतं तोंडाने सांगून पाहिलं. मुलं सरळ धरत. पण सर वाजवायला लागले की त्यांची तोंडं आपोआप सरांच्या तोंडासारखी होत. मुलं कानाने शिकत नाहीत, डोळ्याने शिकतात, हे सरच दरवर्षी पहिल्या तासाला सांगत.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आरसा फिरवला आणि आडवळण न घेता सांगितलं, “काढावा लागेल. नवा बसवू. पण काही महिने वाजवायचं नाही. नंतरही तोंड पहिल्यापासून बसवावं लागेल तुम्हाला. आवाज पूर्वीसारखा येईल, असं मी म्हणणार नाही.”

“आणि नाही काढला तर?”

“असाच रेटाल अजून वर्षभर. कसाबसा.”

वर्षभर! वर्षभरात संचाचं नाव कुठल्या कुठे गेलं असतं. पण वर्गातल्या कोवळ्या तोंडांना हे वळण कायमचं लागलं असतं. त्या पोरांचे दात तर चांगले धडधाकट होते.

संध्याकाळी शुक्रवार पेठेत तालीम होती. सुंदरी वाजवणारे धोंडप्पा संचात सगळ्यांत वडील. सरांनी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

“होगली बिडो,” धोंडप्पा कानडीत म्हणाले, जाऊ दे रे, सोड. मग मराठीत आले. “एवढा रविवार काढ की. मंग दात काय, आख्खा जबडा काढ. कोण नको म्हणतंय?”

“रविवारी माझी पोरं पुढच्या रांगेत बसणार अण्णा.”

“बसू दे की. टाळ्या वाजवतील.”

“डोळे फाडून बघतील. मी भरल्या सभेत असं धरलेलं बघितलं, की जन्मात सुटायचं नाही त्यांचं. वर्गात सांगितलेलं विसरतात, स्टेजवर बघितलेलं विसरत नाहीत.”

धोंडप्पांनी सुंदरी उपरण्याने पुसली, पुन्हा पुसली. “आवाज गेला तुझा तर?”

“गेला तर गेला,” सर म्हणाले, आणि लगेच मान हलवली. “नाही, असं नका म्हणू. लई भ्या वाटतंय मला.”

“मंग वाटू दे,” धोंडप्पा म्हणाले. “रविवारी आमी चौघं वाजवतो. तुझी खुर्ची कुणाला देत न्हाय.”

शुक्रवारी दात काढला. रविवारी सर मुलांच्या रांगेत बसले. चौघे सुंदर वाजवत होते, पण क्लॅरिओनेटच्या जागा आल्या की सरांची बोटं मांडीवर चालत. शेवटी सभागृह उठून उभं राहिलं. सरही उभे राहिले, टाळ्या वाजवल्या, आणि रुमालाने तोंड झाकून रडले. शेजारच्या सुकन्याला वाटलं, दातच दुखतोय.

पुढचे महिने सरांनी न वाजवता शिकवलं. मुलं आरशासमोर बसून एकमेकांची तोंडं तपासत. हळूहळू रांग सरळ झाली.

नवा दात बसला. पहिला सूर घरी, दार लावून काढायचा, असं सरांनी ठरवलं होतं. जगदेवीबाई म्हणाल्या, “माझ्यापुढं कशाला? ज्यांच्यासाठी दात काढला त्यांच्यापुढं वाजवा.”

सर वर्गात गेले. आपल्या खुर्चीवर न बसता मुलांच्या रांगेत, शेवटी, सतरंजीवर बसले. “आज मीही नवा आहे. सगळ्यांनी षड्ज,” एवढंच म्हणाले.

सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. सरांच्या वाद्यातून आधी नुसतीच हवा आली. विरेशला हसू फुटणार होतं, त्याने ते गिळलं. मग एक बारीक, थरथरता सूर आला. जुना आवाज तो नव्हता. पण षड्ज होता, चोख. सर त्याला धरून राहिले, आणि तो ओठांतून निसटला.

वर्गातला षड्ज मात्र थांबला नाही. मुलं वाजवत होती, सरळ, भरदार. सरांनी डोळे पुसले, श्वास भरून घेतला आणि पुन्हा त्यांच्यात शिरले.